चुकण्याची मोकळीक

१९५०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या हॅनोव्हर गावातून एक तरुण प्राध्यापक दर दोन आठवड्यांनी भल्या पहाटे निघायचा, नदीपलीकडच्या व्हाइट रिव्हर जंक्शनला जाऊन बॉस्टनची गाडी गाठायचा. सोबत एक पोलादी पेटी असायची. पेटीत छिद्रं पाडलेली कार्डं, म्हणजे त्याची स्वतःची आणि डार्टमथ कॉलेजातल्या सहकाऱ्यांची गणितं. एमआयटीत आयबीएम ७०४ हा त्या काळचा अवाढव्य संगणक होता आणि आसपासच्या कॉलेजांना त्यावर थोडा थोडा वेळ मिळत असे. सकाळी कार्डं द्यायची, दिवसभर थांबायचं, छापून आलेले कागद घेऊन संध्याकाळी परत. एखाद्या कार्डावर स्वल्पविराम राहून गेला असेल तर उत्तराऐवजी चुकीचा शेरा हाती पडायचा. ती चूक सुधारून पुन्हा विचारायचं म्हणजे आणखी पंधरा दिवस.

या प्राध्यापकाचं नाव टॉमस कर्ट्झ. संख्याशास्त्रातली डॉक्टरेट प्रिन्स्टनहून घेऊन तो १९५६ मध्ये डार्टमथला आला होता. त्या दिवसांतला स्वतःचा एक अनुभव त्यानं पुढे लिहून ठेवला आहे. फोरट्रानसारख्या सोप्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राचा मौल्यवान वेळ खातो, अशी जाणकारांची समजूत होती. म्हणून त्यानं एक गणित यंत्राच्या जवळच्या, किचकट भाषेत लिहिलं. कित्येक फेऱ्या झाल्या, यंत्राचा तासभर वेळ गेला, पण उत्तर काही येईना. शेवटी तेच काम फोरट्रानमध्ये लिहिलं आणि यंत्रानं ते पाचेक मिनिटांत संपवलं. माणसाच्या वेळेपुढे यंत्राचा वेळ वाचवणं हा खोटा हिशेब आहे, ही खूणगाठ त्यानं तेव्हाच बांधली.

त्याला डार्टमथला आणणारा जॉन केमेनी हा गणित विभागाचा प्रमुख. १९२६ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९४० मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि काही वर्षांत प्रिन्स्टनला पोहोचला. महायुद्धाच्या अखेरीस त्याला अणुबाँबचं काम चालू असलेल्या लॉस अलामॉसला पाठवलं गेलं. तिथे हिशेबनीसांसाठी बनवलेल्या आयबीएम यंत्रांच्या रांगेत बसून पाळ्यापाळ्यांनी आकडेमोड चालायची, एकेक समीकरण सुटायला आठवडे जायचे. तिथेच त्यानं गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या तोंडून येऊ घातलेल्या संगणकाचं वर्णन ऐकलं. पुढे आइन्स्टाइन यांचा गणिती साहाय्यक म्हणूनही त्यानं काम केलं. पंचवीस वर्षांनी केमेनीनंच नोंदवलं, की लॉस अलामॉसला माणसांच्या एका तुकडीनं वर्षभर खपून केलेलं काम आता डार्टमथचा एखादा विद्यार्थी एका दुपारी करू शकतो, आणि त्याच वेळी इतर अनेक जण तेच यंत्र वापरत असतात. त्या विधानामागची पंचवीस वर्षं मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांच्या मध्यावर एक निर्णय आहे.

१९५९ मध्ये डार्टमथनं स्वतःचा एक छोटा संगणक घेतला. एलजीपी-३० नावाचं हे यंत्र लिहायच्या मेजाएवढं होतं आणि त्याच्या फिरत्या चुंबकी ड्रमवर ४,०९६ शब्द मावायचे. मोठ्या विद्यापीठांत असं यंत्र संशोधकांच्या स्वाधीन झालं असतं. इथे ते पदवीच्या विद्यार्थ्यांना मोकळं केलं गेलं. अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी त्या चिमुकल्या स्मृतीत अल्गॉल भाषेचे अनुवादक (कंपायलर) बसवून दाखवले, आणि तेही अनुभवी लोक अशक्य म्हणत असताना. या पोरांच्या हाती जबाबदारीचं काम देता येतं, हा विश्वास प्राध्यापकांना इथे आला. पुढे जे घडलं त्याचा पाया हाच आहे, यंत्रापेक्षाही.

१९६२च्या सुमारास कर्ट्झनं केमेनीपुढे कल्पना मांडली, की डार्टमथच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता आला पाहिजे. प्रत्येक म्हणजे इतिहास, इंग्रजी, अर्थशास्त्र शिकणाऱ्यालाही. डार्टमथमध्ये विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणारी मुलं साधारण चौथा हिस्सा होती. उरलेली तीन-चतुर्थांश पुढे वकील, उद्योजक, सरकारी अधिकारी, आमदार-खासदार व्हायची. संगणकाबद्दलचे निर्णय तेच घेणार होते. यंत्राला आपण नेमकं काय सांगतो, ते काय समजतं आणि काय समजत नाही, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं नसेल तर ते निर्णय कसे घेणार?

ही दिशा अगदीच नवी नव्हती. कार्नेगी टेकमध्ये अॅलन पर्लिस १९५८ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत होते. १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी व्याख्यानमालेत त्यांनी आग्रहानं मांडलं, की प्रोग्रॅमिंग हा प्रत्येकाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया असावा. एखादी प्रक्रिया पायऱ्यापायऱ्यांत मांडणं, ती कुठे अडेल याचा विचार करणं, मग ती सुधारणं, ही त्यांच्या मते सर्वांच्या उपयोगाची शिस्त होती. आज हिला संगणकीय विचार म्हणतात. ती संज्ञा सेमूर पेपर्ट यांच्या १९८०च्या पुस्तकात आली आणि जनेट विंग यांच्या २००६ मधल्या लेखानं जगभर झाली. नाव नंतर आलं, काम आधी सुरू झालं होतं.

डार्टमथपुढचा प्रश्न मात्र व्यवहाराचा होता. एका यंत्रावर शेकडो मुलांना बसवायचं कसं? कार्डांच्या पद्धतीत यंत्र एका वेळी एकाचंच काम घेतं, बाकीच्यांचे गठ्ठे रांगेत पडून राहतात. मार्ग सुचवला एमआयटीतल्या जॉन मॅकार्थी यांनी. वेळ वाटून घ्या. यंत्रानं एकाचं काम क्षणभर करायचं, ते बाजूला ठेवून दुसऱ्याचं उचलायचं, मग तिसऱ्याचं. माणूस टंकायला आणि विचार करायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात यंत्र सगळ्यांकडे एकेक चक्कर मारून येतं. प्रत्येकाला वाटतं, यंत्र आपल्याचसाठी आहे.

नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे केमेनी आणि कर्ट्झ यांनी अर्ज केला. हे काम पदवीचे विद्यार्थी करतील असं त्यात लिहिलेलं पाहून परीक्षकांनी शंका काढल्या. तरीही सुमारे ३ लाख डॉलरचं अनुदान मिळालं. १९६४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जनरल इलेक्ट्रिकची यंत्रं कॉलेज हॉलच्या तळघरात येऊन बसली. आकडेमोडीसाठी जीई-२२५, आणि टेलिटाइपांशी, म्हणजे तारेनं जोडलेल्या टंकयंत्रांशी, बोलण्यासाठी डेटानेट-३० नावाचं वेगळं यंत्र. माइक बुश आणि जॉन मॅकगीची या दोन विद्यार्थ्यांनी या यंत्रांची सांगड घालणारी व्यवस्था लिहिली, अभ्यास आणि परीक्षा सांभाळून, रात्री जागून. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास केमेनी आणि एक विद्यार्थी शेजारशेजारच्या टेलिटाइपवर बसले. दोघांनी आपापला छोटा प्रोग्रॅम टंकला आणि एकाच वेळी ‘रन’ अशी आज्ञा दिली. दोघांनाही बरोबर उत्तरं मिळाली.

त्या प्रोग्रॅमांची भाषा नवी होती, बेसिक. तिचा पहिला अनुवादक स्वतः केमेनीनं लिहायला घेतला होता. भाषा नवी का करायची यावर दोघांत मतभेद होता. फोरट्रान थोडी सोपी करून वापरावी असं कर्ट्झला आधी वाटत होतं, केमेनीला ते पटेना. फोरट्रानमध्ये एखादी कृती पुन्हा पुन्हा करायला सांगायची तर ‘१, १०, २’ असे तीन आकडे ओळीनं लिहायचे. त्यातला कुठला सुरुवातीचा, कुठला शेवटचा आणि कुठला पावलाचा, हे पाठच करावं लागे. बेसिकमध्ये ते ‘फॉर एक्स = १ टू १० स्टेप २’ झालं. फोरट्रानमध्ये पूर्णांक आणि दशांश वेगळे, नावाच्या पहिल्या अक्षरावरून ते ओळखायचे, छापताना रकाने आखून द्यायचे. बेसिकमध्ये संख्या म्हणजे संख्या, छापण्याची मांडणी यंत्र स्वतः करणार. ‘लेट एक्स = एक्स + १’ यातला ‘लेट’ मुद्दाम ठेवला, कारण गणित शिकलेल्या मुलाला एक्स हा एक्स अधिक एकाएवढा कसा, असं वाटणारच. इथे समीकरण मांडलेलं नाही, आज्ञा दिलेली आहे, हे त्या एका शब्दानं सांगितलं जातं.

चुकांबद्दलचं त्यांचं धोरण या सगळ्यात मला सर्वात मोठं वाटतं. प्रोग्रॅमात चूक असेल तर यंत्र त्या ओळीचा क्रमांक देऊन साध्या इंग्रजीत सांगायचं, आणि एका वेळी पाचाहून जास्त चुका दाखवायचं नाही. पहिली चूक सुधारली की पुढच्या कित्येक आपोआप जातात, हे शिकवणाऱ्यांना माहीत होतं. अनुवादकही वेगवान केला होता. ओळ बदला, पुन्हा ‘रन’ म्हणा, काही सेकंदांत उत्तर. कर्ट्झचे पंधरा दिवस सेकंदांवर आले होते.

याचा शिकणाऱ्यावर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, एखाद्या मुलाला २चं वर्गमूळ काढायचं आहे. रीत जुनी आहे. एक अंदाज घ्या, २ला त्या अंदाजानं भागा, भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढा, तोच नवा अंदाज. १ पासून सुरुवात केली तर १.५, मग १.४१६७, मग १.४१४२. तोंडी सांगायला दोन वाक्यं पुरतात. यंत्राला सांगताना मात्र मुलगा लिहितो, अंदाज अधिक २ भागिले अंदाज भागिले २. कंस विसरला. यंत्र तक्रार करत नाही, कारण ओळीच्या व्याकरणात चूक नाही. कागदावर उमटतं २, मग २.५, मग २.९. आकडे वाढतच चालले आहेत. मुलगा थबकतो. वर्गमूळ २पेक्षा मोठं कसं असेल? तो हातानं पहिली पायरी करून पाहतो आणि दोनानं भागणं फक्त शेवटच्या पदाला लागलं हे त्याच्या लक्षात येतं. कंस घालतो. आता आकडे बरोबर येतात, पण थांबत नाहीत, तोच आकडा पुन्हा पुन्हा छापला जातो. थांबायचं कधी, हे सांगितलेलंच नव्हतं. मग विचार करावा लागतो, की ‘पुरेसं बरोबर’ म्हणजे किती? दोन अंदाजांत फरक किती उरला की समाधान मानायचं?

या तीन अडखळण्यांत सगळा विषय आला. म्हणणं नेमकं मांडणं, उत्तर शक्य कोटीतलं आहे का हे ताडून पाहणं, शेवट आधी ठरवणं. व्याख्यानात हे तासभर सांगता येतं, पण पचत नाही. मुलाला टेलिटाइपपाशी वीस मिनिटं मिळाली तर पचतं. आणि त्या वीस मिनिटांत त्याची चूक पाहणारं शेजारी कुणी नसतं, हेही लहान नाही.

यासाठी डार्टमथनं संगणकाचा वेगळा विषय काढला नाही. पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात तासातासाची मोजकी व्याख्यानं द्यायची आणि मग मुलांनी टेलिटाइपवर जाऊन स्वतः प्रोग्रॅम लिहून दुरुस्त करायचे. ते तपासायलाही एक प्रोग्रॅमच केला होता. विद्यार्थ्याचं काम निरनिराळ्या आकड्यांवर चालवून बरोबर की चूक एवढं तो सांगे. जमेपर्यंत कितीही वेळा पाठवा. गुण कापायला कुणी बसलेलं नसे. गणित बहुतेक सगळेच घेत असल्यामुळे वाङ्मयाचा विद्यार्थीही यातून जायचा.

पैसेही घेतले जात नसत. उघड्या कपाटांच्या ग्रंथालयात कुणीही जाऊन हवं ते पुस्तक उचलावं, का हवंय ते कुणी विचारू नये, तसाच संगणक असावा, असं केमेनी म्हणायचा. मुलांनी खेळ लिहिले, पत्रं टंकली. १९६५ मध्ये डार्टमथच्या फुटबॉल संघानं प्रिन्स्टनला हरवलं, तेव्हा खुद्द केमेनीनं फुटबॉलचा एक खेळ लिहिला. वेळ वाया जातोय अशी तक्रार केमेनी आणि कर्ट्झ यांनी केली नाही. खेळ लिहिणाराही अटी आणि पुनरावृत्ती शिकतच असतो.

या मोकळेपणाला एक मोठी भिंत होती. डार्टमथ तेव्हा फक्त मुलग्यांचं कॉलेज होतं. टेलिफोनच्या तारांनी आसपासच्या शाळा आणि कॉलेजं या यंत्राला जोडली गेली, तेव्हा हॅनोव्हर हायस्कूलच्या मुली आणि माउंट होलिओक या महिला कॉलेजच्या विद्यार्थिनी दुरून तेच यंत्र वापरू लागल्या. त्यांच्यासाठी डार्टमथचं दार १९७२ मध्ये उघडलं, आणि तेव्हा कॉलेजचा अध्यक्ष केमेनीच होता. प्रत्येक विद्यार्थी हा शब्द आठ वर्षांनी थोडा खरा झाला.

डार्टमथचं तळघर सजण्याआधीच, ऑगस्ट १९६३ मध्ये, इकडे भारतात कानपूरला आयबीएम १६२० हा संगणक आला होता. तिथल्या आयआयटीचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर आधी मुंबईत व्हीजेटीआयचे प्राचार्य होते, आयआयटी मुंबईच्या आखणीतही त्यांचा हात होता. कानपूरची संस्था त्यांनी हार्कोर्ट बटलर इन्स्टिट्यूटच्या कँटीनच्या इमारतीतून सुरू केली. नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या मदतीचा कार्यक्रम आला तेव्हा संगणक केवळ संशोधनापुरता न ठेवता शिकवण्यासाठी वापरायचं तिथे ठरलं. त्याच वर्षी रुजू झालेल्या व्ही. राजारामन यांनी प्रोग्रॅमिंगचे वर्ग घेतले, बाहेरच्या प्राध्यापकांसाठी आणि उद्योगांतल्या लोकांसाठी दहा-दहा दिवसांचे अभ्यासवर्ग झाले. राजारामन यांचं प्रोग्रॅमिंगवरचं पुस्तक १९६९ मध्ये आलं. पुढच्या दोन-तीन दशकांत भारतातल्या किती मुलांनी फोरट्रान त्यांच्याच पुस्तकांतून शिकली असेल! डार्टमथला वाङ्मयाच्या मुलांना यंत्रापाशी न्यायचं होतं, कानपूरला देशासाठी अभियंते घडवायचे होते. उद्दिष्टं वेगळी, पण यंत्र नवशिक्यांच्या हाती द्यायचं हे धैर्य एकाच जातीचं.

कानपूरला सुरुवातीला मदतीला आलेल्या अमेरिकी प्राध्यापकांत बर्कलीचे हॅरी हस्की होते. त्याच १९६३ मध्ये त्यांच्या हाताखाली निकलाउस विर्थ यांनी डॉक्टरेट पूर्ण केली होती. विर्थ यांची पास्कल भाषा १९७० मध्ये आली, तीही शिकवण्यासाठीच. पण तिचा स्वभाव बेसिकहून कडक. आधी सगळं जाहीर करा, मग वापरा, कामाचे नीट तुकडे पाडा. बेसिकवर टीका सुरू झाली ती याच दिशेनं. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये अतिशय कठोर शब्दांत लिहिलं, की बेसिकनं सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याची बुद्धी कायमची बिघडते. त्यांच्या रागात तथ्य होतं. ‘गोटू’ या आज्ञेनं कुठूनही कुठेही उडी मारता येते आणि शंभर ओळींचा प्रोग्रॅम शंभर दोऱ्यांचा गुंता होतो. पण कायमची बिघडते हे मला मान्य नाही. दहा ओळींत विचार करायला शिकलेल्याला शंभर ओळींची शिस्त नंतर लावता येते. ज्यानं भीतीपोटी पहिली ओळच लिहिली नाही, त्याला काय शिकवणार?

शिवाय डाइक्स्ट्रा टीका करत होते तेव्हा बेसिक हॅनोव्हरच्या बाहेर पडून वेगळंच काही होऊ लागलं होतं. पुढे छोट्या घरगुती संगणकांच्या तुटपुंज्या स्मृतीत बसवण्यासाठी प्रत्येक कंपनीनं तिची काटछाट केली. या बाजारू अवतारांचं केमेनी आणि कर्ट्झ यांना दुःख होतं. १९८०च्या दशकात त्यांनी शिस्तशीर रचनेची ‘ट्रू बेसिक’ काढली, तोवर उशीर झाला होता. भारतातल्या शाळांत बेसिक पोहोचली ती १९८४ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून, बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकांवर. एका शाळेत मोजकी यंत्रं आणि वर्गच्या वर्ग पाळीनं. भाषा डार्टमथची आली, उघडं कपाट आलं नाही.

ते पुढेही फारसं आलं नाही. आपल्या कितीतरी कॉलेजांत प्रोग्रॅमिंगची परीक्षा अजून कागदावर होते, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये बरोबर चाललेलेच प्रोग्रॅम लिहायचे असतात आणि मुलं ते आधीच्या वर्षाच्या जर्नलमधून उतरवतात. चुकलेला प्रोग्रॅम, त्याखाली तो का चुकला याच्या दोन ओळी, असं पान जर्नलमध्ये असू शकतं ही कल्पनाच नाही. लॅबमध्ये आज यंत्रं भरपूर आहेत. चुकायला दिलेला वेळ तुटपुंजा आहे.

म्हणून आयआयटी मुंबईतलं एक काम मला आशेचं वाटतं. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे अभिराम रानडे यांनी सी++ वरचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते २०१४ मध्ये आलं. सी++ ही नवशिक्यासाठी अवघड भाषा. रानडे यांनी तिच्यावर एक सोपा थर चढवला आणि पेपर्ट यांच्या लोगो भाषेतलं कासव त्यात आणलं. पहिल्याच धड्यात विद्यार्थी पडद्यावरच्या कासवाला पुढे जा, उजवीकडे वळ असं सांगून चौरस काढतो. मग ‘रिपीट’ ही एकच आज्ञा मिळते, जी मूळ सी++मध्ये नाही. तेवढ्यावर मुलगा पंचकोन काढू पाहतो. पंचकोनाचा आतला कोन १०८ अंशांचा हे त्याला शाळेपासून पाठ आहे, म्हणून तो कासवाला १०८ अंश वळायला सांगतो, आणि आकृती भलतीकडेच जाते. मग तो खुर्चीतून उठून स्वतः चालून बघतो, पूर्ण फेरी मारून परत पहिल्या दिशेला तोंड आलं म्हणजे एकूण ३६० अंश वळणं झालं, पाच कोपऱ्यांवर प्रत्येकी ७२. आकडा बदलतो, पुन्हा चालवतो. पुढचा प्रश्न तो आता स्वतःच विचारतो, सप्तकोनासाठी काय करायचं?